झीलकऱ्यांवाचून गायलेली गाणी

गुहागरच्या वाळूत उभे राहिले असता जो समुद्र समोर पसरलेला दिसतो, त्याच्याच पलीकडच्या काठाशी, आफ्रिकेला लागून, झांजिबार बेट आहे. तेथे एका पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोख बलसारा जन्मला. वडील ब्रिटिश सरकारच्या चाकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा झाला, तेव्हा त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या वसतिगृहात तो पियानोवर तयार झाला, बाराव्या वर्षी सोबत्यांना जमवून त्याने ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला आणि तेथेच तो ‘फ्रेडी’ झाला. पुढे जगाने ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले, त्याचे पहिले व्यासपीठ महाराष्ट्रातले होते, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही.

१९६४ च्या झांजिबारमधील क्रांतीनंतर हे कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. चौघेही गीते रचणारे, चौघेही आपापल्या मतांना चिकटणारे. अशा मंडळीत वाद अटळच.

कोकणातील नमन-खेळ्यांत पुढचा गडी ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात. गाणे कोणाचे, हा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. क्वीनमध्ये तो पडत असे, आणि मर्क्युरीला तो अधिक जाचत असावा.

‘मिस्टर बॅड गाय’ ही त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका एप्रिल १९८५ मध्ये प्रकाशित झाली. मुद्रण म्युनिकला झाले. अकराही गीते त्याची स्वत:ची. निर्मितीत माक या ध्वनितज्ज्ञाची साथ. क्वीनने वर्षानुवर्षे मेच्या गिटारीवर थरावर थर चढवून वाद्यमेळाचा आभास निर्माण केला होता. ती गिटार मेने आपल्या वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली. येथे शीर्षकगीतासाठी खराखुरा वाद्यमेळ बोलावण्यात आला. अर्पणपत्रिकेत स्थान मिळाले ते मांजरांना! ब्रिटनमध्ये ही मुद्रिका सहाव्या क्रमांकापर्यंत चढली, अमेरिकेने मात्र तिची विशेष दखल घेतली नाही. आवाजात काही उणे नव्हते. उणीव होती ती आवाजाला अडवणाऱ्याची. हवे ते सारे हाताशी असताना गायकाला नको म्हणणारे कोणी उरले नाही, असे ही गाणी ऐकताना वाटत राहते.

त्याच वर्षी १३ जुलै रोजी वेम्ब्लीच्या मैदानात, दुष्काळग्रस्त इथिओपियासाठी भरलेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात, तो त्याच तिघांसह उभा राहिला आणि अवघ्या वीस मिनिटांत त्याने सत्तर हजारांहून अधिक श्रोते जिंकले. एकट्याचे असे एकही गाणे त्या दिवशी त्याने घेतले नाही.

१९८८ मध्ये स्पॅनिश गायिका मोंसेरात काबाये हिच्यासह ‘बार्सिलोना’ निघाली. तेथे समोर तुल्यबळ कंठ होता. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एड्स असल्याचे त्याने जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, ४५ व्या वर्षी, तो गेला. अंत्यविधी जरथुश्त्री पद्धतीने झाला.

उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ काढली, तेव्हा मर्क्युरीच्या त्या स्वतंत्र मुद्रिकेतील दोन गीते त्यांनी पुन्हा हाती घेतली. आवाज दहा वर्षांपूर्वीचाच ठेवला. गिटार, ढोल, साथ मात्र नव्याने वाजवली. शीर्षकही त्यांतल्याच एका गीताचे घेतले. आज अनेक रसिक ही दोन गाणी क्वीनचीच म्हणून ओळखतात.