एका वॅटचा हिशेब

निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशांतून स्वयंपाकघरातला ओटा नवा करायचा, असं आमच्या घरी ठरलं होतं. ठरवलं होतं हिनं. मी मान डोलावली होती. पण ओट्यासाठी दगड बघायला जाण्याआधीच मी एक उद्योग करून बसलो. ओळखीतले एक गृहस्थ कायमचे मुलाकडे परदेशी निघाले होते. त्यांच्याकडची हेरेसी नावाच्या अमेरिकन स्पीकरची जुनी जोडी मी विकत घेतली. घरात न विचारता. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या कर्जप्रकरणांवर शंका काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या प्रकरणावर मात डोळे मिटून सही केली.

पुढची चूक त्याहून मोठी. एवढे नामी स्पीकर, तेव्हा अॅम्प्लिफायरही दमदार हवा, म्हणून शंभर वॅटचा एक घेतला. रात्री जोडणी केली आणि किशोरीताईंची एक रेकॉर्डिंग लावली. गाणं सुरू होण्याआधीच खोलीत सूं असा आवाज भरला, कढईत तेल तापत ठेवावं तसा. आवाजाची खुंटी केसभर फिरवली तर एकदम अंगावर आल्यासारखं झालं. हिनं एक शब्दही न बोलता आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. लग्नानंतरची कित्येक वर्षं आम्ही रात्रीचा रेडिओ एकत्र ऐकला होता. त्यामुळे ते दार लागणं मला ओट्याच्या खर्चापेक्षा महाग वाटलं.

दोष कुणाचा, हे शोधायचं म्हणून मी स्पीकरच्या कर्त्याचं चरित्र वाचायला घेतलं. त्या माणसाचं नाव पॉल विल्बर क्लिप्श.

क्लिप्शचा जन्म ९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एल्कहार्ट इथं झाला. वडील परड्यू विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकवत. पॉल बारा वर्षांचा असताना ते गेले. पोर मात्र हातानं काही ना काही जुळवत राहिलं. १९१९ साली पंधरा वर्षांच्या पॉलनं टपालानं कागद पाठवायच्या पुठ्ठ्याच्या नळीला कानाला लावायचे ध्वनिग्राहक जोडून स्वतःचा लाउडस्पीकर केला. पिट्सबर्गच्या केंद्रावरून नियमित रेडिओ प्रसारण सुरू व्हायला तेव्हा आणखी एक वर्ष होतं!

१९२६ साली न्यू मेक्सिकोतल्या कॉलेजातून तो विद्युत अभियंता झाला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रेडिओच्या कामावर लागला. तिथं बस्तान बसवून राहावं, तर १९२८ साली हा थेट दक्षिण अमेरिकेत, चिलीमधल्या टोकोपिया इथं गेला. तिथं नायट्रेटच्या खाणींसाठी विजेची इंजिनं धावत, त्यांची देखभाल त्यानं केली. परत येऊन १९३४ साली स्टॅनफर्डमधून पुढची पदवी घेतली. मग टेक्सासमध्ये भूगर्भाचा वेध घेणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. रेडिओ, आगगाडी, जमिनीचं पोट... आमच्या बँकेत असा बायोडेटा आला असता तर अर्जदार स्थिर वृत्तीचा दिसत नाही, असा शेरा मीच मारला असता.

पण या सगळ्या भटकंतीत एक प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. स्पीकरला दिलेली वीज जाते कुठे?

घरातल्या साध्या स्पीकरला शंभर भाग वीज दिली, तर आवाज होऊन बाहेर येतो तो जेमतेम एखादा भाग, बहुधा त्याहूनही कमी. बाकीची उष्णता होऊन जाते. सरकारी योजनेतले शंभर रुपये निघावेत आणि गावात एक पोहोचावा, तसा हा प्रकार. कारण सोपं आहे. स्पीकरचा पडदा जड, हवा हलकी. पडदा ढकलतो, पण हवा त्याच्या हाती लागत नाही. इथंच कर्णा कामाला येतो. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा पडदा आणि खोलीतली हवा यांची गाठ घालून देतो. शेताच्या पलीकडे हाक मारताना आपण तोंडाशी दोन्ही हात धरतो, ते याचसाठी. तुतारीचं तोंड फुललेलं असतं आणि ग्रामोफोनला कर्णा असतो, तेही याचसाठी.

मग सगळ्यांनीच कर्णे का लावले नाहीत? अडचण खर्जाची. खर्जाच्या आवाजाची लाट फार लांब असते. सेकंदाला चाळीस कंपनांची लाट जवळजवळ अठ्ठावीस फूट भरते. तिला पुरेल असा कर्णा करायचा तर खोलीत कर्णाच राहील, माणसांनी अंगणात झोपावं! क्लिप्शनं यावर केलेली युक्ती मला अजून थक्क करते. त्यानं कर्ण्याची वाट लाकडी पेटीत घडी घालून बसवली आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा शेवटचा, सर्वांत रुंद भाग झाला. म्हणजे अर्ध्याहून मोठं वाद्य घरमालकानं आधीच बांधून ठेवलेलं होतं. १९४३ साली त्याला याचं पेटंट मिळालं. या स्पीकरचं नाव पडलं क्लिप्शहॉर्न.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि क्लिप्श सैन्यात अधिकारी होता. आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावाजवळ दारूगोळ्याची चाचणी घेण्याचं मैदान होतं, तिथं त्याची नेमणूक झाली. दिवसा तोफांचे बार, रात्री राहत्या जागी कोपऱ्यातल्या पेटीतून संगीत. ऐकायला येणारे लोक चाट पडत आणि हे विकायला काढ म्हणून मागे लागत. १९४६ साली त्यानं तिथंच स्वतःची कंपनी नोंदवली. होप या शब्दाचा अर्थ आशा. आणि भांडवल म्हणाल तर आशेहून फारसं जास्त नव्हतं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. पहिला नोकर ठेवला तो १९४८ साली.

हट्टी माणूस. कोपऱ्याशिवाय स्पीकर नाही, असं वर्षानुवर्षं सांगत आला होता. पुढे स्टिरिओ आला. दोन पेट्या दोन कोपऱ्यांत गेल्या आणि मधल्या जागेत आवाज पोकळ वाटू लागला. म्हणून १९५७ साली त्यानं मध्ये ठेवायला एक छोटी, कोपरा न लागणारी पेटी केली. यावर कुणीतरी त्याला हा तर धर्मद्रोह झाला असं सुनावलं. त्यानं हसून पेटीचं नावच ते ठेवलं, हेरेसी. तीच ही माझ्या घरी आलेली जोडी. हिच्यात खर्जाला साधाच कोन आहे. कर्णे आहेत ते मधल्या आणि वरच्या सुरांना. १९६३ साली विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारासाठी त्यानं ला स्काला नावाचा स्पीकर केला. निवडणूक आणि कर्णा यांचं नातं काही आपल्याकडचंच नाही म्हणायचं.

जाहिरातबाज दाव्यांची त्याला चीड होती. कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला तो एक पिवळा बिल्ला लावत असे. त्यावर थापा या अर्थाचा, चारचौघांत उच्चारू नये असा इंग्रजी शब्द. समोरचा फार फेकू लागला की हा शांतपणे कॉलर उलटून दाखवी. आधी मोजा, मग बोला, हा त्याचा बाणा. कार्यक्षमता वाढली की पडद्याला कमी हलावं लागतं आणि पडदा कमी हलला की आवाज कमी बिघडतो, हे तो जन्मभर सांगत राहिला. बडेजाव नको, देशाला पाच वॅटचा एक चांगला अॅम्प्लिफायर हवा आहे, असं त्याचं मत होतं.

इथं मी पुस्तक मिटलं आणि वही उघडली. सवय जात नाही. आवाज दहा डेसिबलनं वाढवायचा तर वीज दहापट लागते. बाजारातला साधा छोटा स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, सुमारे ८६ डेसिबल देतो. माझी हेरेसी ९६च्या आसपास. म्हणजे दुसऱ्याचे दहा वॅट ते माझा एक. आमच्या बैठकीच्या खोलीत रात्रीचं गाणं एका वॅटच्याही आतच वाजत होतं. उरलेले नव्व्याण्णव मी कशासाठी आणले होते? आणि जो स्पीकर गाण्याचा कण न् कण मोठा करतो, तो अॅम्प्लिफायरच्या पोटातली सूंही तितकीच मोठी करणार. स्पीकर खरं तेच सांगत होता. चूक मी लावून दिलेल्या जोडीची होती.

शंभर वॅटचा तो डबा तोटा सोसून विकला. गावातल्या एका जुन्या कारागिराकडून आठ वॅटचा, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधून घेतला. व्हॉल्व्हच हवेत असं नाही. ट्रान्झिस्टरचाही चालला असता. तो मुळात शांत हवा आणि पहिला वॅट स्वच्छ हवा, एवढंच. मागच्या बाजूला चार, आठ, सोळा ओहमची टोकं होती. आठच्या टोकाला तारा जोडल्या, आवाजाची खुंटी निम्म्यावर आणली. स्पीकरला कान लावल्यावरच काय ती बारीक घरघर.

क्लिप्श ५ मे २००२ रोजी होपमध्येच वारला, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. कंपनी त्यानं १९८९ सालीच नात्यातल्या माणसाला विकली होती. न्यू मेक्सिकोतल्या त्याच्या कॉलेजच्या, आता विद्यापीठ झालेल्या संस्थेच्या, विद्युत अभियांत्रिकी विभागाला त्याचं नाव आहे. चाचणी मैदानावरच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत त्याच्या कामाचं संग्रहालय आहे. एवढं फिरलेला माणूस शेवटी एका कोपऱ्यातल्या गावात रमला आणि एकाच प्रश्नाला पुरून उरला.

त्या रात्री मी पुन्हा तेच गाणं लावलं, अगदी हळू. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. दार उघडून ही बाहेर आली, खुर्चीत बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, की या तानपुऱ्याचा असा आवाज आपल्याला इतकी वर्षं ऐकू का आला नव्हता. मी हिशेब समजावू लागलो, तर तिनं हातानंच गप्प बसायला सांगितलं.

ओटा पुढच्या वर्षी झाला. दगड तिनंच निवडला.