पंडित भगवानलाल इंद्रजी

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस नाणीं जमविण्याचा छंद असेल. मुंबईच्या टांकसाळींत विशेष प्रसंगीं मोजक्या संख्येनें प्रूफ नाण्यांचे संच पाडले जातात. आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या चकतीवर तशीच झिलई दिलेल्या ठशाचे एकाहून अधिक आघात करून हीं नाणीं तयार होतात. त्यांची पार्श्वभूमि लखलखते आणि वरील चित्र धुकट पांढरें उठून दिसतें. चोखंदळ संग्राहक तीं डबींतून बाहेरही काढीत नाहींत. कारण बोटाचा डाग पडला किंवा केसाएवढा ओरखडा उठला तरी दर्जा उतरतो. सत्तर गुणांच्या मापानें हा दर्जा ठरविणारे पारखी आहेत, आणि त्यांच्या निर्णयावर फेरविक्रीची किंमत चढते किंवा उतरते. सचोटीनें केल्यास या व्यवहारांत गैर असें कांहीं नाहीं. परंतु नाण्याची पारख एवढ्यावरच संपते काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत मिळतें, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांची ओळख आम्ही आज करून देत आहों.

भगवानलालांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजीं सौराष्ट्रांतील जुनागड येथें झाला. गांवाबाहेर गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर सम्राट अशोक, क्षत्रप रुद्रदामा व गुप्त राजा स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख कोरलेले आहेत. गांवचे लोक ती अक्षरें रोज पाहत. पण तीं वाचणारा कोणी नव्हता. कलकत्त्याच्या टांकसाळींतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं ब्राह्मी लिपीचें कोडें उलगडलें होतें. त्यांनीं तयार केलेला अक्षरांचा तक्ता या मुलाच्या हातीं आला, आणि त्याच्या आधारें एकेक अक्षर ताडून पाहत तो स्वतःच ती लिपि शिकला. इंग्रजीचें ज्ञान बेताचेंच असूनही त्याची ही विद्या रासमाला या ग्रंथाचे कर्ते फोर्ब्स साहेब यांच्या नजरेस आली, व त्यांच्या शिफारशीनें १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले.

गोव्यांतील मांद्रें गांवीं जन्मलेले डॉ. भाऊ दाजी हे मुंबईंतील नामांकित धन्वंतरि होते. तथापि प्राचीन लेख, पोथ्या व नाणीं हा त्यांच्या जिवाचा विसांवा होता. आमच्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर त्यांनीं मोलाचें लेखन केलें. रोग्यांची गर्दी सोडून त्यांना दूर जातां येत नसे, म्हणून प्रवासाचा भार तरुण भगवानलालांवर पडे. उन्हापावसांत डोंगर चढून लेखांचे ठसे घेणें, नकला उतरणें, जुनीं नाणीं मिळविणें, हें काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. उत्तर हिंदुस्थान पालथा घालून ते नेपाळपर्यंत गेले. १८७४ सालीं डॉ. भाऊंचें निधन झालें. पंडितजींचा आधार तुटला, पण त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. पुढें डॉ. ब्यूलर यांनीं त्यांचे गुजराथींत लिहिलेले निबंध इंग्रजींत आणून विद्वानांपुढें मांडले.

नाणेघाटांतील व इतर लेण्यांतील लेख तपासून प्राचीन अंक कसे लिहीत, हें त्यांनीं १८७७ सालीं सप्रमाण दाखविलें. याचा उपयोग नाण्यांस फार झाला. पश्चिम क्षत्रपांचीं चांदीचीं नाणीं नखाहून थोडीं मोठीं असतात. एका बाजूस राजाचें मुख व त्यामागें शकाचें वर्ष. दुसऱ्या बाजूस मध्यें डोंगराची आकृति व सभोंवतीं राजाचें आणि त्याच्या पित्याचें नांव. अंक वाचतां येऊं लागल्यावर पिता, पुत्र व वर्ष यांची सांखळी जुळत गेली. ज्या राजांविषयीं ग्रंथ बहुतेक मुके आहेत, त्यांचा दोनअडीचशें वर्षांचा क्रम या चिमुकल्या चकत्यांनीं सांगितला.

येथें नाण्याच्या दर्जाचें महत्त्व कळून येतें. हातोड्यानें पाडलेल्या या नाण्यांत चकती ठशाहून लहान असल्यानें अक्षरांचे वरचे काने-वेलांट्या पुष्कळदां चकतीबाहेर जात. त्यामुळें सिंह या अर्थीं असलेला नांवाचा शेवट पूर्वींच्या अभ्यासकांनीं साह असा वाचला, आणि इतिहासांत साह नांवाचें एक राजघराणेंच उभें राहिलें! पूर्ण ठसा उमटलेलीं नाणीं ताडून पाहतां तें घराणें नाहींसें झालें. चांगलें नाणें कशासाठीं शोधावयाचें, याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखही पंडितजींनीं वाचले. नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापणें विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलीं. त्यांपैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व हजारांवर पाऊण व्याज ठरलें होतें. एका सुवर्णास पस्तीस कार्षापणें असा भावही तेथें कोरलेला आहे. १८८२ सालीं सोपारें येथील स्तूप पंडितजींनीं खणविला, तेव्हां त्यांत यज्ञ सातकर्णीचें चांदीचें नाणें सांपडलें, व त्यावरून स्तूपाच्या काळाचें अनुमान करण्यास आधार मिळाला.

मुंबईच्या आशियाटिक सोसायटीनें त्यांस सन्मान्य सभासद केलें आणि हॉलंडांतील लायडेन विद्यापीठानें डॉक्टर ही पदवी दिली. ज्यानें इंग्रजी शाळेची पायरी फारशी चढली नाहीं, त्याच्या विद्येस मिळालेला हा मान होय. १६ मार्च १८८८ रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला. घरची श्रीमंती नसतांही त्यांनीं आपला संग्रह विकून पैसा केला नाहीं. नाणीं व मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष ब्रिटिश म्यूझियमला, आणि हस्तलिखितें डॉ. भाऊंच्या हस्तलिखितांशेजारीं ठेवण्यासाठीं आशियाटिक सोसायटीला, अशी त्यांनीं मृत्युपत्रांत व्यवस्था केली. तीं नाणीं लंडनला गेलीं याची हळहळ आम्हांस वाटते. पण तीं चोहोंकडे विखुरलीं नाहींत, हेंही विसरतां येत नाहीं. क्षत्रपांवरील त्यांचा निबंध रॅपसन यांनीं संपादून १८९० सालीं प्रसिद्ध केला.

पंडितजींच्या वेळीं नहपानाचीं नाणीं फारच थोडीं उपलब्ध होतीं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें तेरा हजारांवर नाण्यांचा सांठा निघाला. पाद्री स्कॉट साहेबांनीं तो तपासला, तेव्हां नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हां आपला ठसा मारलेला आढळला. नहपानाच्या मुखावर उमटलेलीं तीं चिन्हें म्हणजे सातवाहनांच्या विजयाची साक्षच होय. निव्वळ देखणेपणा पाहणाऱ्यानें यांतील प्रत्येक नाणें बिघडलेलें म्हणून बाजूस सारलें असतें.

चितेगावाहून जाणारा रस्ता त्याच सातवाहनांच्या राजधानीस, पैठणास, पोंचतो. तेथील पांढरींत त्यांचीं नाणीं सांपडत आलीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रूफ संच अवश्य घ्यावे, जपावे, वाटल्यास विकावेही. मात्र जुनें नाणें दिसलें तर चिंच लावून घासूं नये. त्या चकाकीबरोबर अक्षरही निघून जाईल. तें कोठें, कशाबरोबर मिळालें हें लिहून ठेवावें. जमिनींत ठेवा सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते, हें आईबापांनींही ध्यानांत ठेवावें. गुपचूप आटविलेल्या किंवा वांटून विकलेल्या ठेव्यांतून कोणाही पंडितास इतिहासाचें पान वाचतां येत नाहीं. जुनागडच्या एका गरीब मुलानें रोजच्या वाटेवरील शिळा वाचावयास घेतली. आमच्या वाटेवरही वाचण्याजोगें पुष्कळ पडलेलें आहे.