खांडक्या बल्लाळशहा आणि दगडातला सिंह

चंद्रपूरला गेलात की जटपुरा दरवाजासमोर थोडे थांबा आणि मान वर करून पाहा. तिथे दगडात सिंह कोरला आहे आणि त्याच्याखाली हत्ती दबला आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह. ज्या राजाने हे शहर वसवले त्याची हकीकत मी लिहिते.

त्याचे नाव खांडक्या बल्लाळशहा. तो पंधराव्या शतकात होऊन गेला. नाव ऐकले की वर्गातले पोट्टे हसतात. पण खांडूक म्हणजे गळू हे कळल्यावर मला काही हसू आले नाही. बिचाऱ्याचे अंग गळवांनी भरले होते. औषधे झाली, गुण नाही. झोपही नाही. राजा असला म्हणून काय झाले, ठणका तर त्यालाच सोसायचा होता ना!

त्याची राणी मोठी शहाणी होती. तेव्हा राजधानी सिरपूरला, म्हणजे आताच्या तेलंगणात होती. राणीच्या सल्ल्याने राजाने ती जागा सोडली आणि वर्धा नदीकाठी किल्ला बांधला. तेच आपले बल्लारपूर.

पुढचे असे सांगतात. राजा एकदा शिकारीला गेला. तहान लागली, पण झरपट नदी कोरडी. एका खळग्यात थोडे पाणी दिसले. राजा ते प्याला, हातपाय-तोंड धुतले. त्या रात्री तो ढाराढूर झोपला, अन् सकाळी पाहतो तर गळवे गायब! राणीने जागा शोधायला लावली. खडकात गाईच्या पाच पावलांचे ठसे आणि त्यात पाणी सापडले. तिथेच अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले.

मग एके दिवशी राजाने नवल पाहिले. ससा कुत्र्याच्या मागे लागला होता! राणी म्हणाली, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने तट बांधा. अशा रीतीने चांदा शहर वसले. सशाची अशीच गोष्ट अहमदाबादचीही सांगतात, म्हणून ती दंतकथा समजावी. लुसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1869 साली आपल्या अहवालात ती लिहून ठेवली. मला वाटते, शहराचे निम्मे श्रेय तरी राणीला द्यायला हवे.

तट पुरा व्हायला पुढे कितीतरी वर्षे लागली. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. खांडक्या राजाला पुरा तट पाहायला मिळाला नाही.

त्याच शतकात तिकडे इंग्लंडात गादीसाठी दोन घराणी भांडत होती. 1455 ते 1485 अशी तीस वर्षे अधूनमधून लढाया झाल्या. शेवटी सातवा हेन्री राजा झाला आणि त्याने लाल व पांढरा गुलाब एकत्र करून आपले चिन्ह केले. तो गुलाब अजूनही इंग्लंडचे फूल आहे. त्यांच्या राजचिन्हातही सिंह आहेत बरं का! आपल्या देशाने 26 जानेवारी 1950 रोजी सारनाथचे सिंह घेतले.

चांद्याचे गोंड राज्य 1751 साली नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. 1854 साली इंग्रज आले. 1947 साली तेही गेले. जटपुऱ्याचा सिंह आपल्या जागेवरच आहे, अन् खालून सायकली, ऑटो, माणसे जात असतात.