श्रीतुकोबारायांचा प्रपंच आणि इंद्रायणीतील खते

श्रीतुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, हा प्रसंग आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. मृदंगावर थाप पडते, मंडप विठ्ठलनामाने भरून जातो, आणि आम्हालाही धन्यता वाटते. एके वर्षी वारीच्या वाटेवर कीर्तन आटोपले, आरती झाली, आणि एक वृद्ध माउली पुढे आली. तिच्या मुलाने हाच प्रसंग ऐकून हिशेबाची वही ठेवणे सोडले होते. तीन ठिकाणी कर्जाला सह्या केल्या, राहते घर गहाण पडले. आणि कोणी विचारले की तो तुकोबारायांचे नाव पुढे करी. महाराजांनी हेच शिकविले काय, एवढेच तिला विचारायचे होते. आम्ही शास्त्र शिकलो, पण त्या क्षणी निरुत्तर झालो बरे! घरी येऊन चरित्र पुन्हा पाहिले. तेच येथे क्रमाने मांडतो.

तुकोबारायांचा जन्म देहूचा. शके १५३०, म्हणजे सन १६०८, असे बहुधा धरतात. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी, आणि त्याच घरी पेठेची महाजनकी, दुकान, शेती नि सावकारीही. म्हणजे वारी आणि वही एकाच छपराखाली नांदत होत्या. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे. त्यांनी व्यवहार घेण्यास नकार दिला. तेव्हा तेराव्या वर्षीच मधल्या तुकोबांच्या हाती तराजू आला. परंपरा सांगते की, पहिली काही वर्षे त्यांनी तो चोख चालविला. आमचे तुकोबा जन्मापासून व्यवहारशून्य होते, हे म्हणणे काही खरे नव्हे.

मग एकावर एक घाव बसले. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. वहिनी वारली, आणि सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. व्यापारात खोट आली, बैल मेले, उधारी अडकली. सासरच्या मंडळींनी भांडवल दिले, जामीन राहिले. तरी दिवाळे निघालेच. पेठेत पत गेली. ज्याच्या पुढे लोक हात जोडीत, त्याला पाहून लोक तोंड फिरवू लागले. पैसा जातो तेव्हा नुसता पैसा जात नाही हो; त्याच्याबरोबर माणसाचा शब्दही हलका होतो.

त्यातच १६३० चा दुष्काळ आला. दोन वर्षे सारे दक्षिण आणि गुजरात होरपळले. थोरली पत्नी रखुमाबाई, दम्याने आधीच खंगलेली, अन्न अन्न करीत गेली. पाठोपाठ मुलगा संतू गेला. एकेकाळच्या महाजनाच्या घरात मूठभर दाणे उरले नव्हते. येथे आम्हा शास्त्र शिकलेल्यांना योगक्षेम हा शब्द आठवतो. जे हाती नाही ते मिळविणे हा योग, आणि जे हाती आहे ते राखणे हा क्षेम. त्या घरी योग पिढ्यांचा होता. पण दुष्काळ असा होता की, क्षेम राखणे एकट्या घराच्या आवाक्यात राहिले नाही. म्हणून ज्याची वेळ वाईट आली त्याला आळशी किंवा पापी म्हणू नये. तुकोबारायांनाही ती वेळ चुकली नाही.

तुकोबा भामगिरीच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधीत शोधीत आला आणि त्यांना खाली घेऊन आला. आणि आता तो प्रसंग. नदीकाठी खते बाहेर काढली. ती खते कशाची होती, हे आम्ही कीर्तनाच्या भरात सांगायचे विसरतो. ती लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती. तुकोबांनी दुसऱ्याचे देणे बुडविले नाही. स्वतःचे येणे सोडले. दुष्काळाने मोडलेल्या कुळांच्या मानेवरचे जू त्यांनी उतरविले. आणि तत्पूर्वी त्यांनी काय केले? खतांचे दोन सारखे वाटे केले. अर्धी कान्होबाच्या हाती दिली, कारण त्याचा संसार वेगळा, त्याचा हक्क वेगळा. पाण्यात गेला तो फक्त स्वतःचा वाटा. भावाच्या भाकरीवर त्यांनी आपले वैराग्य उभे केले नाही. वैराग्याआधी वाटणी झाली, आणि वाटणीला हिशेब लागतो!

आता जिजाईंचे सांगितल्याविना हे चरित्र पुरे होत नाही. कीर्तनात आम्ही त्यांना कजाग म्हणून हसे पिकवितो. हे आमचे चुकते. महिपतींनी १७७४ साली भक्तलीलामृत पुरे केले. त्या परंपरेत असे आहे की, जिजाईंनी स्वतःच्या नावे खत लिहून दोनशे रुपये कर्ज काढले आणि पतीला पुन्हा व्यापारास धाडले. दोनशेचे अडीचशे झाले. आणि परतीच्या वाटेवर एका नाडलेल्या ब्राह्मणाला तुकोबांनी ते सारे देऊन टाकले. दान थोर खरे, पण खतावर नाव जिजाईंचे होते. तोंड त्यांना द्यावे लागले. मुलांच्या पोटाची चिंता त्यांनी वाहिली, आणि तरी भाकरी बांधून डोंगर चढून त्या पतीपाशी जात राहिल्या. त्यांचे बोलणे कडू होते, पण ते रिकाम्या मडक्याचे बोलणे होते. मुलींच्या लग्नाचेही असेच सांगतात: तीन मुलींसाठी तुकोबांनी वाटेत खेळणारी आपल्या ज्ञातीची मुले पाहिली आणि एकाच मांडवात लग्ने उरकली. मंडप, मानपान यांच्यापायी खत लिहिले नाही.

१६५० साली तुकोबा वैकुंठास गेले. जिजाई मागे राहिल्या. धाकटे नारायण त्यानंतर जन्मले, असे परंपरा सांगते. आणि पुढे त्यांनीच १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला. ज्या माउलीने ते घर मोडू दिले नाही, तिचा त्या पालखीत वाटा नाही काय?

तेव्हा त्या वृद्ध माउलीला आमचे उत्तर असे. तुकोबारायांचे नाव घेऊन वही टाकता येत नाही. आपले येणे सोडायचे तर खुशाल सोडावे; दुसऱ्याचे देणे मात्र लिहून ठेवावे आणि फेडावे. सही करण्याआधी घरच्या लक्ष्मीला कागद दाखवावा, कारण हप्ता चुकला की चूल तिचीच विझते. बरे वर्ष आले की वाईट वर्षासाठी थोडे बाजूला काढावे. गावोगावी बायकांचे बचत गट हेच तर करीत आहेत. लग्नासाठी, मोठेपणासाठी, अगदी वारीसाठीही व्याजाने पैसा काढू नये. पांडुरंगाला पायी आलेला भक्त चालतो. आणि देणे डोईजड झालेच, तर ते लपवू नये. घरात बसून सर्वांना सांगावे. तुकोबा डोंगरावर गेले तेव्हा कान्होबा शोधायला गेला. आपल्या घरातही कोणी एकटा डोंगर चढत असेल, तर त्याला हाताला धरून खाली आणावे.

यापुढे आम्ही तो प्रसंग सांगू तेव्हा दोन्ही वाटे सांगू, आणि जिजाईंना हसणार नाही.

रामकृष्णहरि.