विश्लेषण : केनेडींची पाठ शस्त्रक्रियांनी नव्हे, व्यायामाने कशी सावरली?

अमेरिकेचे तरुण, तडफदार अध्यक्ष अशी जॉन एफ. केनेडी यांची प्रतिमा होती. प्रत्यक्षात १९६१ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांना खाली वाकणेही जड जात होते.

दुखणे कधीपासूनचे?

पाठ विद्यार्थिदशेपासूनच कुरकुरत होती. ऑगस्ट १९४३ मध्ये प्रशांत महासागरात जपानी विनाशिकेने त्यांची पीटी-१०९ ही नौका कापली. भाजलेल्या सहकाऱ्याला ओढत ते काही तास पोहत राहिले आणि दुखणे बळावले. १९४४ च्या शस्त्रक्रियेने फरक पडला नाही. १९५४ ची तर जिवावरच बेतली. पाठीत धातूची पट्टी बसवली, जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले. धर्मगुरूंना बोलावून अखेरचे संस्कारही झाले. ते वाचले, पण फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये पुन्हा चिरफाड. चार शस्त्रक्रिया झाल्या, दुखणे जिथल्या तिथे!

मग बदलले काय?

मे १९६१ मध्ये कॅनडात ओटावा येथे वृक्षारोपण करताना पाठ पुन्हा भरली. डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल बधिरता आणणारी प्रोकेनची इंजेक्शने देत होत्या. त्याने तेवढ्यापुरता आराम पडे. त्यामुळे व्हाइट हाऊसच्या इतर डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कहून डॉ. हान्स क्राउस यांना बोलावले.

क्राउस मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पट्टीचे गिर्यारोहक. सगळे मणक्यात दोष शोधत असताना त्यांनी स्नायू तपासले. पोटाचे स्नायू दुबळे, पाठीचे आणि मांडीमागचे आखडलेले. वर्षानुवर्षे कंबरपट्टा आवळून बसल्यावर दुसरे काय होणार? पट्टा आधार देतो, पण स्नायूंचे काम काढून घेतो.

उपाय अगदी साधा होता. मसाज, हळूहळू ताण देणे, मग पोट-पाठीला बळ देणारे व्यायाम. व्हाइट हाऊसच्या जलतरण तलावाशेजारील व्यायामशाळेत आठवड्यातून तीनदा हे चाले. आधी दुखणे थांबू दे, मग व्यायाम करू, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडेही कमी नाही. इथे क्रम नेमका उलटा होता. महिने गेले तशा वेदना ओसरल्या, इंजेक्शनांची गरज उरली नाही. बर्लिन आणि क्युबा ही संकटे हाताळणाऱ्या माणसाने यासाठी वेळ काढला, हे विशेष.

पट्टा सुटला का?

नाही. तो सोडावा, अशी क्राउस यांची इच्छा होती, पण इतक्या वर्षांची सवय केनेडींना मोडवेना. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसतानाही कपड्यांखाली तो आवळलेला होता. मानेतून पहिली गोळी गेल्यावरही ते खाली कोसळले नाहीत, ताठच राहिले. दुसरी डोक्यात लागली. पट्टा नसता तर ते वाकले असते का, यावर डॉक्टरांत आजही चर्चा होते.