संगीतकार बाख

जर्मनीतील आयसेनाख या गावी २१ मार्च १६८५ रोजी योहान सेबास्टियन बाख याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात संगीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. पण आईबापांचे छत्र या बालकास फार दिवस लाभले नाही. दहावे वर्ष पुरे होण्याच्या आतच तो पोरका झाला आणि ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाच्या आश्रयास जाऊन राहिला.

या भावापाशी नामांकित संगीतकारांच्या रचनांची एक वही होती. ती पाहण्याची धाकट्याला मनाई होती. वही जाळीच्या कपाटात बंद असे. घरात निजानीज झाली, की सेबास्टियन जाळीतून आपला लहानसा हात आत घाली, वहीची सुरळी करून ती बाहेर ओढी आणि खिडकीपाशी बसून स्वरलिपी उतरून घेई. मेणबत्ती मिळत नसल्यामुळे चांदण्याचाच काय तो उजेड! अशा रीतीने सहा महिन्यांत सारी वही लिहून झाली. पण भावाला सुगावा लागला आणि ती कष्टाची नक्कल त्याने काढून घेतली, असे सांगतात.

पुढे आर्नस्टाट येथील चर्चमध्ये बाख ऑर्गन वाजवू लागला. ऑर्गन म्हणजे भात्याच्या वाऱ्यावर बोलणारे, शेकडो नळ्यांचे अजस्र वाद्य. ते हातांनी आणि पायांनीही वाजवावे लागते. ल्यूबेक शहरी बुक्सटेहुडे नावाचा थोर ऑर्गनवादक होता. त्याचे वादन ऐकण्यासाठी १७०५ साली वीस वर्षांचा बाख चार आठवड्यांची रजा घेऊन निघाला आणि सुमारे चारशे किलोमीटरांची वाट त्याने पायी तुडविली. तेथे तो इतका रमला, की परतला तो चार महिन्यांनी! वरिष्ठांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. शिवाय, प्रार्थनागीतांच्या साथीत तो भलतेच सूर मिसळतो आणि गाणारे गोंधळून जातात, अशीही तक्रार होती.

हे मिसळणे हेच त्याचे सामर्थ्य होते. आपल्या गायनात स्वरांची एकच धारा वाहत असते. बाखच्या संगीतात अशा तीनचार धारा एकाच वेळी वाहतात. ‘फ्यूग’ या रचनेत एक लहानशी स्वरावली प्रथम एकटी येते. मग दुसरा आवाज तीच उचलतो, पुढे तिसरा. आणि तरीही कोणी कोणाच्या आड येत नाही. त्या काळी वाद्ये ज्या रीतीने जुळवीत, तीत काही स्वर आधार मानून वाजविले असता कर्कश लागत. जुळणी नीट केली, तर बाराही स्वरांना आधार मानता येतो, हे बाखने १७२२ साली एका ग्रंथात रचनांनीच दाखवून दिले. प्रत्येक स्वरावर मेजर व मायनर अशा दोन, म्हणजे एकूण चोवीस जोड्या त्याने रचल्या.

१७२३ पासून अखेरपर्यंत तो लाइपझिग येथे होता. मुलांना शिकवावे, रविवारच्या उपासनेसाठी नवे संगीत रचावे आणि पगारावरून वरिष्ठांशी वाद घालावेत, असा त्याचा क्रम असे. वादक म्हणून त्याची कीर्ती मोठी होती. रचना मात्र पुष्कळांना जुन्या वळणाच्या वाटत. शेवटी दृष्टी मंदावली. डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण ती गेलीच. २८ जुलै १७५० रोजी त्याने देह ठेवला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता आणि त्याच्या बहुतेक रचना छापल्या गेल्या नव्हत्या. हस्तलिखिते मुलांत वाटली गेली. काही कायमची नाहीशी झाली.

मोठी चर्चगीते तर लोक विसरूनच गेले. मात्र येशूच्या अखेरच्या दिवसांवर बाखने रचलेल्या ‘मॅथ्यू पॅशन’ची एक नक्कल फेलिक्स मेंडेल्सझोन या मुलास त्याच्या आजीने दिली होती. वयाच्या विसाव्या वर्षी, ११ मार्च १८२९ रोजी, त्याने बर्लिन येथे ती रचना मोठ्या गायकवृंदाकडून गाऊन घेतली. सभागृह इतके भरले, की कित्येकांना माघारी जावे लागले. म्हणून कार्यक्रम पुन्हा करावयाचे ठरले, आणि तो झाला २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी.