नर्सिंगचे शिक्षण ते पहिली नोकरी : रमाबाई रानडेंनी ही वाट कशी मोकळी केली?

मीरा-भाईंदरमधील एखादी मुलगी आज जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करते आणि पहिल्या नोकरीसाठी लोकल पकडते. घरी चर्चा होते ती पगाराची, रात्रपाळीची आणि प्रवासाची. शंभर वर्षांपूर्वी मात्र प्रश्न वेगळाच होता : चांगल्या घरातल्या बाईने हे काम करावेच का? तो प्रश्न अंगावर घेणाऱ्यांत रमाबाई रानडे आघाडीवर होत्या.

कोण होत्या रमाबाई?

माहेरच्या यमुना कुर्लेकर. जन्म आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. १८७३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला. पतीने लिहा-वाचायला शिकवले, तेव्हा घरातल्या बायकांचे टोमणे सोसावे लागले. 'उंच माझा झोका' मालिकेमुळे ही कहाणी घरोघरी पोहोचली. रमाबाईंचे स्वतःचे मोठे काम मात्र न्यायमूर्तींच्या पश्चात उभे राहिले.

नर्सिंगशी संबंध कसा आला?

१९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाले. त्यानंतर रमाबाई पुण्यात राहिल्या. ससून रुग्णालयातील रुग्ण आणि येरवडा तुरुंगातील महिला कैदी यांना त्या भेटत असत. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुणे सेवासदन सुरू झाले. १९११ पासून ससूनमध्ये महिलांना नर्सिंगचे प्रशिक्षण देण्याचे काम या संस्थेने हाती घेतले.

अडचण कुठे होती?

परक्या पुरुषाची शुश्रूषा, रात्री घराबाहेर राहणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावणे हे सारेच तेव्हा निषिद्ध. ज्यांना कमाईची सर्वाधिक गरज, त्या तरुण विधवांवर तर दुहेरी बंधने. सेवासदनच्या एका समारंभात केशवपन केलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला पुढे आली, तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली, असे सांगतात. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्या शिकलेल्या मुलांना तिथेच खडसावले.

मग मार्ग कसा निघाला?

नुसता वर्ग काढून भागणार नव्हते. बाई शिकायला आली, तर राहणार कुठे आणि लोक काय म्हणतील, या दोन्हींची सोय हवी होती. पहिल्यासाठी संस्थेने वसतिगृह चालवले. दुसऱ्यासाठी रमाबाईंचे नाव कामी आले. न्यायमूर्तींची पत्नी, स्वतः विधवा, ससूनमध्ये स्वतः ये-जा करणारी. अशी बाई पाठीशी आहे म्हटल्यावर घरच्यांचा विरोध थोडा तरी सैल होई. आश्रित म्हणून एका कोपऱ्यात दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या हाती हुन्नर आला आणि त्यातून स्वतःच्या कमाईची शक्यता.

आज काय उरले?

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पुणे सेवासदनचे काम आजही सुरू आहे. नर्सिंगला प्रतिष्ठा मिळाली, पण रात्रपाळी करणाऱ्या मुलीला सुरक्षित निवारा आणि घरच्यांची साथ लागते, हे रमाबाईंनी ओळखलेले सत्य बदललेले नाही.